माइकवर न घेतलेलं नाव

आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवर आलेल्या मोठ्या माणसांची नावं घेतात. सरपंच आला, नाव. सभापती आला, नाव. कुणाचं राहिलं तर तो न जेवताच गाडीत बसतो, अन् दोन घरांची बोलचाल बंद होते. सिरसाळ्यापासून गेवराईपर्यंत हे नावं घ्यायचं अन् मंगलाष्टकं म्हणायचं काम माझं. घर त्याच्यावरच चालायचं.

मागच्या लगीनसराईत घसा बसला तो बसलाच. एका लग्नात आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं नाव घेताना आवाज फाटला. त्यानं माझ्या हातातला माइक हिसकावला अन् भर मांडवात म्हणाला, "याच्या घशात बेडूक बसलाय बे. दुसरा कुणी न्हाई का?" सगळा मांडव हसला. अक्षतांआधीच बसलेल्या पहिल्या पंगतीत माझी बायको होती. ती भरल्या ताटावरून उठली अन् मागच्या दारानं निघून गेली. ठरलेली लग्नं हातची गेली. त्या माणसावर मी तिथंच डूख धरला.

घशाला आराम म्हणून मी कुजबुजत बोलायला लागलो. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्यावरूनच झापलं. कुजबुजल्यानं उलट ताण येतो म्हणे. दुर्बीण घालून त्यांनी पडद्यावर दाखवलं. एका स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड होता. कॅन्सरचा वाटत नाही, पण काढून तपासू, म्हणाल्या.

"गळा कापावा लागतो का?"

"नाही. भूल देऊन तोंडातून नळी घालायची. सूक्ष्मदर्शकातून बघत बारक्या कात्रीनं तेवढा फोडच काढायचा. खालच्या थराला धक्का लागला तर आवाज कायमचा घोगरा राहील."

मी लई घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण टेबलावर आडवा झाल्यावर देव आठवायचा सोडून मला त्या पुढाऱ्याचं तोंडच दिसत होतं.

पुढं आठवडाभर एक शब्द बोलायचा नव्हता, खाकरायचंसुद्धा नव्हतं. त्या दिवसांत मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तोंड असून न बोलल्याचं दुःख वाटलं नाही. तपासणीत वाईट काही निघालं नाही. आवाज हळूहळू परत आला, पहिल्यापेक्षा स्वच्छ.

मग कपिलधारच्या वाटेवरचं एक लग्न मिळालं. पुढारी आला, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसला. मी नावं घेतली. मामा झाले, सरपंच झाले. मांडववाला, आचारी, वाजंत्री, कुणालाच सोडलं नाही. पुढाऱ्याचा माणूस पळत आला.

"सायबांचं नाव राहिलं हाय."

मी गळ्यावर बोट ठेवलं. "आपरेशन झालंय. डॉक्टरीणबाईंनी आवाज जपून वापरायला सांगितलाय. वाया घालवता येत न्हाई."

अन् लगेच मंगलाष्टक सुरू केलं, सगळ्यात वरच्या पट्टीत. नवरीच्या बापाचं तोंड उतरलं. त्याचं वाईट वाटलं, पण थांबलो नाही.

अक्षता पडल्या. पुढारी न जेवता गाडीत बसला. माझी बायको पंगतीत शेवटपर्यंत बसली, अन् तिनं जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली.