ठेवणीतली बॅटरी

बॅटरीची काळजी घेण्यात माझ्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत मिळायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि त्या काळजीपायी घरच्यांना इतका वैताग देणाराही मिळायचा नाही, हे त्याहून छातीठोकपणे. आम्ही मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, भाऊजी आमच्या खाली दुसऱ्यावर, एकटे. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, हे स्थळ चांगलं आहे पण अजून चांगलं बघू, असं करता करता राहिलं. सगळी नोकरी एका कंपनीच्या बॅटरीरूममध्ये गेली. वीज गेली तरी कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून बॅटऱ्यांच्या ज्या रांगा लावलेल्या असतात, त्यांची देखभाल हे करायचे. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता जरा बाहेर पडतील, चार माणसांत मिसळतील. पण त्याच वर्षी माझी लेक मुक्ता तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रोबो बनवणाऱ्या टीममध्ये शिरली आणि एक दिवस जेवताना सहज म्हणाली, "काका, आमच्या बॅटऱ्या सारख्या मरतात रे." झालं! भाऊजींचा घास हातातच राहिला. "मरतात, की तुम्ही मारता?" त्यांनी विचारलं, आणि तिथून आमच्या घराची वाट लागली.

या रोबोच्या बॅटऱ्या म्हणजे लहानशा विटेएवढ्या, निळ्या वेष्टनातल्या, लिथियमच्या. पोरं आपली मोबाइलवर फोटो बघून मागवायची. भाऊजींना ते ऐकूनच घाम फुटला. ते मुक्ताला आणि माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन अंधेरीच्या एका दुकानात गेले. "वेष्टनावर काय, काहीही छापतील. वजन खोटं बोलत नाही," हे त्यांचं म्हणणं. एकेक बॅटरी काट्यावर ठेवायची, मग अंगठ्याने पोट दाबून बघायचं, मग नाकाशी धरून वास घ्यायचा. गोड वास आला तर ती आतून गळतेय. आम्ही खरबूजसुद्धा इतकं हुंगून घेत नाही. तासाभराने दुकानदाराने हात टेकले. "अंकल, बॅटरी लेने आए हो या बहू देखने?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "बहू होती तो इतना टाइम नहीं लगाता." हे धादांत खोटं आहे, वर सांगितलंच. शेवटी विसांतल्या सहा पसंत पडल्या. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या मोजून-मापून प्रत्येकीवर ठळक आकडा घातला. माझा काटा मात्र तेव्हापासून खालीच आहे, आणि मी रवा अंदाजाने घेते.

मग नियम सुरू झाले. बॅटरी उपाशी मारायची नाही, पोट फुटेस्तोवर भरून ठेवायची नाही. स्पर्धेच्या दिवशी पूर्ण भरायची, एरवी ठेवून देताना निम्मी. हे "ठेवताना निम्मी" टीमच्या पोरांकडून त्यांनी परवचा म्हणावी तसं म्हणून घेतलं होतं. चार्जिंग करायचं ते वाळूच्या परातीत, म्हणजे आग लागलीच तर पसरायला नको. वाळू कुठली? तर गोराईची! होडीतून पलीकडे जाऊन पिशवीभर आणली, आणि घरी आल्यावर यांच्या डोक्यात प्रकाश पडला की समुद्राची वाळू खारट असते आणि खारट वाळू बॅटरीला वाईट. मग ती वाळू माझ्या न्हाणीघरात सात पाण्यांनी धुतली. मोरी तुंबली ती तुंबलीच. आणि चार्जिंग चालू असेल तेव्हा समोरून उठायचं नाही, दार उघडायचं नाही. त्यांच्या वाढदिवसाला मी गरम शिरा घेऊन खाली गेले, तर जाळीच्या दाराआडून म्हणतात, "वहिनी, पाच नंबर चार्जिंगला आहे. जाळीतून द्या." ताटली जाईना. मग मी चमच्याने शिरा देतेय आणि हा साठीचा माणूस पलीकडून तळहातावर घेतोय, एक डोळा बॅटरीवर! शेजारच्या बाईंनी दार उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

आता भाऊजींचा दुसरा रोग सांगते. चांगली वस्तू वापरायची नाही. चांगली वस्तू ठेवणीत. टीव्हीच्या रिमोटवर अजून दुकानातलं प्लॅस्टिक आहे. ऑफिसने निरोपाला दिलेला डिनर सेट खोक्यातच, आणि हे जेवतात टवके उडालेल्या ताटलीत. पंचवीस वर्षांपूर्वी कुणा लग्नात मिळालेला आकाशी शर्ट टाचण्यांसकट कपाटात. "अहो, घाला की!" म्हटलं तर "काही विशेष असेल तेव्हा." माझ्या सासूबाई म्हणायच्या, याचं लग्नसुद्धा ठेवणीतलं आहे. तर त्या सहा बॅटऱ्यांत सहा नंबर निघाली सगळ्यात सरस. तिचं काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिला जुन्या मऊ पंचात गुंडाळलं आणि कपाटात, त्या शर्टाच्या शेजारी ठेवलं. मुक्ता शेवटच्या वर्षाला टीमची कॅप्टन झाली होती. आधीची तीन वर्षं त्यांचा रोबो पहिल्या फेरीतच गारद झालेला, आणि ही तिची शेवटची स्पर्धा. ती काकुळतीला यायची, "काका, सहा नंबर एकदा लावून बघूया ना यार." भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "फायनलला."

"आधी पोचू तर दे फायनलला!" मी म्हणायचे.

दसऱ्याला भाऊजी आपली हत्यारं पुजतात. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर, आणि या वर्षी सहाही बॅटऱ्या पाटावर, झेंडूसकट. पाच जणी नियमाप्रमाणे निम्म्या भरलेल्या. सहा नंबर मात्र त्यांनी सकाळी मुद्दाम पूर्ण भरली. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पूजेला अर्धं काही मांडतात का?" पूजा झाली, सहा नंबर पुन्हा पंचात गेली आणि कपाट बंद झालं. बाकीच्या पाच जणींना दर शनिवारी मीटर लावून वहीत नोंद व्हायची. दोन नंबर जरा मंद निघाली म्हणून दिवाळीतच तिला पेन्शनीत काढलं. सहा नंबरला मीटरसुद्धा लावला नाही. तिला काय बघायचंय, ती उत्तमच आहे!

स्पर्धा फेब्रुवारीत, पार्ल्याच्या एका हॉलमध्ये होती. रोबोने तीन मिनिटांत ठोकळे उचलून उंच फळीवर रचायचे. आणि काय सांगू, पोरं एकेक फेरी जिंकत गेली! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. चार फेऱ्यांत चार बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. फायनलला वीस मिनिटं होती, तेवढ्यात रिकामी बॅटरी भरून होत नाही. मुक्ता धावत आली, "काका, काढ सहा नंबर!" भाऊजींनी पिशवीतून पंचा काढला, गाठ सोडली. सगळी टीम वाकून बघत होती.

सहा नंबर टम्म फुगली होती. तळणीतल्या पुरीसारखी.

चार महिने पोट भरून ठेवलेली बॅटरी, दुसरं काय होणार? सगळ्या टीमला जो नियम पाठ होता, तो ज्याने पाठ करून घेतला त्यानेच मोडला होता. माझ्या तोंडाशी काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

"काका, तीनच मिनिटांचा प्रश्न आहे. लावूया," मुक्ता म्हणाली.

"नाही."

"काका, माझं शेवटचं वर्ष आहे रे!"

"पेट घेईल ती, मुक्ता. जवळ तू असणार. नाही म्हणजे नाही." मग टीमकडे वळून, मान खाली न घालता म्हणाले, "चूक माझी आहे. निम्मी ठेवायला हवी होती. मीच भरली आणि मीच बघितली नाही."

इतक्या वर्षांत भाऊजींच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदा ऐकलं. रोबोला दोन नंबर लावली. वायरी तपासायला उपयोगी पडेल म्हणून ती भरून आणलेली होती. भाऊजींनी फायनल बघितलीच नाही. फुगलेल्या बॅटरीवर नजर हवी म्हणून बाहेर अंगणात वाळूच्या बादलीत तिला पुरून जवळ बसून राहिले. निकाल सांगायला मीच गेले. रोबो झकास चालला, शेवटचा ठोकळा उचलला आणि तो हातात धरूनच थांबला. दुसरा नंबर. मुक्ता आत रडत होती.

"किती वेळ चालली?" भाऊजींनी विचारलं.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

"दोन नंबर? दोन चाळीस?" त्यांनी बादलीतली वाळू हाताने सारखी केली. "बिचारी. आणि मी तिला नावं ठेवत होतो."

पुढचे आठ दिवस ते चहालाही वर आले नाहीत. मुक्ता चार दिवस धुमसली, पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, काका जेवतोय ना नीट?" तेवढ्यात रविवारी खालून निरोप आला, सगळ्या टीमला जेवायला बोलावलंय. मी मदतीला गेले तर दारात खोक्यातला पेंढा पसरलेला, टेबलावर निळ्या फुलांचा डिनर सेट. सेट सहा जणांचा, माणसं नऊ; टवके उडालेली ताटली भाऊजींनी स्वतःकडे घेतली होती. आणि अंगात तो आकाशी शर्ट! घड्यांवर पिवळ्या रेघा पडलेल्या, पोटावरची दोन बटणं काही केल्या लागत नव्हती.

"भाऊजी, आज काय विशेष?" मला राहवेना.

"काही नाही, वहिनी. रविवार आहे."

मुक्ताने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका," ती म्हणाली, "तू पण फुगलायस रे."

भाऊजींनी पोटाकडे बघितलं आणि असे खदखदून हसले की तिसरं बटणही सुटलं. मुक्ता हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली. मला मात्र त्या पिवळ्या रेघा बघवेनात. हा शर्ट त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी किती छान दिसला असता!

"रेघा जातील का बघते," मी म्हटलं. "उद्या द्या माझ्याकडे धुवायला."

"परवा देतो," भाऊजी वाढता वाढता म्हणाले. "उद्याही हाच घालणार आहे."