मास्तरांच्या हातचे दूध

प्रथम तारखा. प्रजासत्ताक दिनाच्या आधीचा रविवार: आमच्या सोसायटीची बैठक. त्यानंतरचा बुधवार: फलकावर लागलेली सूचना. सव्वीस जानेवारी: झेंडावंदन. एप्रिलअखेर: मास्तरांनी महाड सोडले. आता जबाबदार व्यक्ती. अध्यक्ष, सचिव, आणि ज्यांचे नाव आजतागायत कोणी उच्चारलेले नाही असे एक सदस्य. तहसील कचेरीतल्या सवयीने या नोंदी मी आधीच करून ठेवतो. पुढचा मजकूर एका माणसाविषयी आहे, आणि त्या माणसाविषयी लिहू लागलो की माझा राग मऊ पडतो. तो पडू द्यायचा नाही.

मास्तर दूध कानाने तापवत. कापडे गावच्या बौद्धवाडीतला हा माणूस. पोलादपूर तालुक्यातल्या शाळांत आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर महाडला आमच्या समोरच्या घरात राहायला आले. पुण्याच्या मुलीने त्यांना घरगुती एस्प्रेसोचे यंत्र पाठवले. त्याच्या एका अंगाला वाफेची बारीक नळी होती. तिचे टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवले की कागद हळूच फाटावा तसा आवाज यायला हवा. तो आला की नळी किंचित खोल, स्टीलचा चंबू किंचित तिरका. मग दूध स्वतःभोवती फिरू लागते आणि आवाज जवळजवळ विरतो. दूध किंचाळले तर मास्तरांच्या कपाळाला आठी पडे. "आधी हवा, मग ऊब," ते म्हणत. "पोरांचंही तसंच. आधी मोकळं सोडायचं, मग तापवायचं. उलटं केलं की नुसता फेस."

हे कसब सहजी आले नव्हते. दूधवाला पिशव्या टाकून गेला की मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, सगळे दूध पातेल्यात ओतून उकळून ठेवत. उकळलेल्या, साय धरलेल्या दुधाला मास्तरांना हवा तसा फेस येईना. म्हणून ते एक पिशवी फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे दडवत, आणि ती सापडली की भांडण. वहिनी मला साक्षीदार करत: "भाऊ, तुमीच सांगा. कच्च्या दुधाला वाफ दावतात नि म्हणतात कॉफी झाली. उतू गेल्याबिगर दूध तापलं, असं मी नाय मानायची." मास्तर नळीवरची नजर न हलवता सांगत, थांब गो, हळू बोल, दूध बिचकतं. दूध वाया जाऊ नये म्हणून कित्येक दिवस त्यांनी पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून सराव केला. त्या काळात त्यांच्या स्वयंपाकघराला कपडे धुण्याचा वास येई.

मुलीने पुढे तापमापक पाठवला. तो खणातच राहिला. मास्तर डावा तळवा चंबूला लावून ठेवत आणि चटका बसू लागताच वाफ बंद करत. हाताला सोसवेनासे झाले की दुधालाही सोसत नाही, त्याचा गोडवा जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मग चंबू ओट्यावर एकदा आपटायचा आणि दूध तैलरंगासारखे चकाकेपर्यंत गोल फिरवायचे. नळीत साचलेले पाणी आधीच फडक्यात सोडून द्यायचे, नंतर नळी ओल्या फडक्याने लगेच पुसायची. यात चुकारपणा नाही. कपावर पाने-फुले काढायला मात्र ते कधी शिकले नाहीत. "चांगला फेस दिसत नाही, साहेब, जिभेला लागतो."

रोज सकाळी ती कॉफी पीत मी त्यांना माझी पत्रे वाचून दाखवी. महामार्गाची अर्धवट कामे, गटारे, बंद पडलेले दिवे. मी कोणालाही सोडलेले नाही. एकदा एक चार पानी मसुदा ऐकून ते म्हणाले, "हवा जरा जास्त झालीय. आता ऊब येऊ द्या." मी दोन पाने वगळली आणि त्या पत्राला उत्तर आले.

त्या रविवारच्या बैठकीत मास्तर स्वतःहून उठले. झेंडावंदनानंतर दरवर्षी बेचव चहा असतो, यंदा यंत्र खाली आणतो आणि सर्वांना मी कॉफी पाजतो, म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत. बुधवारी फलकावर सूचना लागली: स्वच्छतेच्या कारणास्तव अल्पोपाहार बाहेरून मागवण्यात येईल.

मी सचिवांना जिन्यात गाठले. ते वयाने माझ्या मुलाएवढे, मला काका म्हणतात. आधी त्यांनी वेळेची अडचण सांगितली, मग विजेची, आणि शेवटी आवाज खाली आणून, काही घरे जुन्या वळणाची आहेत, तुम्हाला कळतंय ना, असे म्हणाले. पुराच्या वर्षी खालच्या मजल्यांवरचे सगळे वर आले होते; वहिनींनी रांधलेली पेज तेव्हा प्रत्येकाने प्यायली, याची मी आठवण दिली.

"ती वेळ वेगळी होती, काका."

एवढ्यावर ते थांबले असते तरी ठीक. माझ्या बोलण्याने वरमून ते तडजोड घेऊन मास्तरांकडे गेले. मी तेथे होतो. यंत्र तुमचेच राहू द्या, कॉफी तुम्हीच काढा, फक्त दुधाचे आम्ही बघतो. आमच्या घरून तापवून आणतो. मास्तर तेव्हा नळी पुसत होते. पुसणे पूर्ण करून म्हणाले, "म्हणजे कॉफी माझ्या हातची चालेल, दूध नाही. मग पाण्याचं काय ठरलं?"

सचिव जिना उतरून गेले. आमच्या सोसायटीपासून महाडचे ते तळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अधिक लिहीत नाही.

सव्वीस जानेवारीला मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात खाली उतरले, झेंड्याला वंदन केले, राष्ट्रगीत खड्या आवाजात म्हटले आणि बाहेरून आलेल्या चहाकडे न बघता वर गेले. त्या संध्याकाळी मी तक्रारीचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेलो. कलमे नमूद होती, फक्त त्यांची सही हवी होती. त्यांनी तो दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि परत दिला.

"सही केली तर ते माझी माफी मागतील. दूध पितील का?"

कायदा कोणाला कप उचलायला लावत नाही हे मला मान्य आहे. पण कप नाकारणाऱ्याला तो नाव सांगायला लावतो, आणि ते थोडे नाही, हे मी त्यांना सांगितले. आजही माझे म्हणणे तेच आहे. मास्तर हसले. "तुम्ही लिहा, साहेब. तुमचा हात चांगला आहे. मला या वयात अर्जदार नाही व्हायचं." मी माझ्या नावाने लिहिले. सोसायटीचे उत्तर आले की संबंधित सदस्याची कोणतीही तक्रार नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. एप्रिलअखेर संबंधित सदस्य घर विकून कापड्याला गेले. सामान उतरवताना यंत्र त्यांनी कोणाला उचलू दिले नाही. मला एवढेच म्हणाले, येत जा.

भातलावणी आटोपल्यावर मी गेलो. पडवीत मास्तरांनी मला चहा दिला. यंत्र कोपऱ्यात चादरीखाली होते. विजेचा दाब पुरत नसावा, असे मी म्हणालो, तर ते मान डोलावून बैल बघायला उठून गेले. वहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"वीज हाय हो. लावतच नाय ते. मीच म्हणते, लावा, दूध ठेवलंय पिशवीतलं, उकळलं नाय. म्हणतात, हात थरथरतो." त्यांनी शेताकडे बोट दाखवले. "येवढी लावणी केली यंदा. कुठं थरथरतो हात?"

याचे उत्तर वहिनींना मी द्यायचे नाही. ते अध्यक्ष आणि सचिव यांनी द्यायचे आहे. लेखी नको, लेखी उत्तरात आपण पटाईत आहात. येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमोर उभे राहून सांगावे की मास्तरांच्या हातचे दूध कोणाला चालत नव्हते. नाव घ्यावे. नाव घेता येत नसेल, तर ते आपलेच होते, असे मी इतिवृत्तात नोंदवून घेईन.