तात्यांचं सोयाबीन आणि तुरीतलं विमान

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि विमानाची पायरी तर मीही चढलेलो नाही. तरी विमानाबद्दल लिहायला बसलो आहे. जाणकारांनी माफ करावं. चुकलो तर विमानाचं चुकेल, तात्यांचं चुकणार नाही एवढं सांगतो. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते.

जळकोटकडच्या आमच्या गावाला लागून एका उद्योजकाची खासगी धावपट्टी आहे. विमान येतं कधीमधी, सोयाबीन मात्र दरवर्षी येतं. तेवढी सपाट, तापलेली जागा आसपास दुसरी नाही. त्यामुळे काढणी झाली की गाव पट्टीच्या अलीकडच्या टोकाला सोयाबीन वाळत घालतं. विमान यायचं असलं की वॉचमन शिट्टी मारतो आणि सगळे धावत जाऊन ते कडेला ओढतात.

त्या दिवशी पट्टीवर तात्यांचं सोयाबीन पसरलेलं होतं आणि शिट्टी झालीच नाही. विमान गावाच्या बाजूनं आलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पलीकडच्या तुरीत नाक खुपसून उभं राहिलं. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही. पण तात्यांचे दाणे तुडवत अख्खं गाव तिकडं धावलं, त्यामुळे चाकं कुठं टेकली ते नंतर कुणालाच सांगता येईना. विमानाचे मालक आणि पायलट तात्यांच्याच बाजेवर बसून चहा प्याले. त्यांच्या पाठीमागं चुलती घाईघाईनं सोयाबीन झाकत होती.

मला नांदेडच्या हॉस्टेलवर फोन आला.

"काय रं, लई शिकून राहिलास न्हवं? मंग सांग, सोयाबीनवर इमान घसरतंय का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "तात्या, दाणे गोल असतात. घर्षण कमी होतं. घसरू शकतं."

पलीकडं तात्यांनी कोंबड्या हुसकावल्या आणि आवाज खाली आणला.

"मंग मला धरून नेत्याल?"

"आधी चौकशी होईल."

"तू गप बस. आन् चौकशीला गावाकडं ये. साहेबासंगं बोलाया शिकलेला माणूस लागतोय."

चौकशीचे साहेब आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढं उभा. त्यांनी साधं विचारलं, "पट्टीवर कुणी काही वाळत घातलं होतं का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच तात्या म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्या गावात सोयाबीन पिकतच न्हाई."

"मी सोयाबीनचं नाव कुठं घेतलं?"

तात्या टोपी सारखी करू लागले. मग चुलती पुढं झाली. "त्यास्नी तुरीलाच सोयाबीन म्हणायची सवय हाय."

"हाव," मागून सरपंच म्हणाले, "आमी समदेच म्हणतो."

साहेबांनी वाकून बुटाच्या तळव्यात अडकलेला दाणा काढला आणि उन्हात धरून पाहिला. "छान तूर आहे," म्हणाले, आणि खिशात टाकला.

त्या दाण्यानं तात्यांची झोप उडवली. "पुरावा नेला रं," एवढंच म्हणायचे. जीप दिसली की तुरीत शिरायचे. धाकटे चुलते तर मुद्दाम रस्त्यावर थांबून हॉर्न वाजवायचे, आणि चुलती जेवण तुरीतच पाठवायची. मला हसू यायचं, पण घर्षणाचं मीच सांगितलेलं असल्यानं मोकळेपणानं हसता यायचं नाही.

हरभरा पेरून झाला, माझी परीक्षा झाली, आणि एका दुपारी वॉचमनचा फोन आला. अहवाल आला होता.

"वारा पाठीमागनं होता, पायलटनं ध्यान दिलं न्हाई. त्यात स्पीड जास्त. निम्मी पट्टी हवेतच गेली, मंग चाकं टेकली. थांबायला जागाच उरली न्हाई. दाणं तर लई मागं राहिलं."

मी लगेच तात्यांना कळवलं.

"मंजी आपल्या सोयाबीनला चाक लागलंच न्हाई?"

"नाही तात्या."

"घासलं बी न्हाई?"

"नाही."

त्यांनी फोन तसाच हातात धरून ओरडून चुलतीला सांगितलं, "अगं, आपलं सोयाबीन सुटलं!"