चक्कीची किल्ली

“हे लोक महिन्याभरात मोटर विकून दारू पितील. किल्ली आपल्याकडेच ठेवायची. आणि हे असंच सांगू नकोस हां. जरा गोड करून सांग.”

दादा हे माझ्या कानात बोलले नाहीत. चारचौघांत बोलावं तसं बोलले. समोर सतरंजीवर सगळं पोड बसलेलं. पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती, झरी जामणीच्या जंगलातली. यांना मराठी येत नाही, अशी दादांची खात्री होती.

दादा संस्थेचे प्रमुख. वयानं माझ्याहून लहान. मी त्यांना अहो म्हणायचो, ते मला अरे. मी गावोगाव फिरणारा कार्यकर्ता, आणि सभेत दुभाषा. ते मराठीत बोलणार, मी कोलामीत सांगणार. त्या दिवशी बायकांच्या गटासाठी आटाचक्की आली होती. दळण डोक्यावर घेऊन मुकुटबनच्या बाजारगावापर्यंत चालत जाणाऱ्या बायका. चक्कीसाठी त्यांनी स्वतः खोली उभी केली होती. कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत शेणानं सारवलेलं.

देणगीदार पाहुणे खुर्च्यांवर होते. त्यांच्यासमोर दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “हा आमचा हिरा. यांच्यातलाच, पण सुधारला.”

पाहुणे हसले. मीही हसलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, कुत्र्यासारखा हसलो.

मग उभा राहून कोलामीत सांगितलं. चक्की तुमचीच आहे. तुमच्यावर भार नको म्हणून किल्ली तेवढी संस्था जपून ठेवेल.

पुढच्या रांगेत मोठमाय होती. माझ्या थोरल्या काकांची बायको, गटाची अध्यक्ष. ती उठली नाही. बसल्या जागेवरून सरळ वऱ्हाडीत बोलली.

“काहून रे, साखर किती घालतं? आमी काय बहिरे आहो? दारू म्हणे तो. मोटर इकू म्हणे.”

मागून एकीनं टोला दिला, “घालू दे वं मोठमाय. त्याले त्याचाच तं पगार भेटते.”

सगळ्या बायका हसल्या. खुर्च्यांवर कोणी हसलं नाही.

बाजारात, दवाखान्यात, कापूस वेचायला जातात तिथं या बायका मराठीच बोलतात. मला ठाऊक होतं. दादांना मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं काम काय उरलं असतं? पण दादांसमोर त्या का गप्प राहतात, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

ते मोठमायनंच सांगितलं. “इतके दिस गप राह्यलो. तुई नोकरी जाईन म्हणून. आज नाई राहत. चक्की आमची हाय.”

मी ज्यांना सांभाळतोय असं समजत होतो, त्या मला सांभाळत होत्या. शिव्या गिळून.

दादा लाल झाले. “हिला गप्प बसव. तू आमचा माणूस आहेस ना?”

मी पाहुण्यांकडे वळलो. मराठीतच बोललो. “खोली या बायकांनी बांधली. चक्की या बायका चालवणार. किल्ली यांच्याकडे राहील. दादा यांना दारुडे म्हणाले, ते मी झाकलं. आजवर असं पुष्कळ झाकलं. आता झाकणार नाही.”

“मग चक्की परत जाईल,” दादा म्हणाले.

मोठमाय उठली. पदर खोचला.

“न्या.”

पिकअपमध्ये चक्की चढवायला ड्रायव्हर एकटा होता. त्या लोखंडाला बायकांनीच हात लावला. मीही लावला. कोणी रडलं नाही. कोणी हात जोडले नाहीत.

माझी नोकरी गेली. बायका अजून मुकुटबनला जातात. मोठमायचे गुडघे सुजलेत, तरी जाते. वाटेत दिसली की तिच्या डोक्यावरचं दळण मी घेतो. दादांचा निरोप आला होता. ये, ‘चुकलो’ म्हण, चक्कीही देऊ, कामही देऊ.

मोठमायला सांगितलं. ती म्हणाली, “जाशीन तं तिकडंच राहा.”

तिनं म्हटलं नसतं तरी मी गेलो नसतो.

आता दुसऱ्या संस्थांची माणसं येतात. मला खुर्ची देतात. मी सतरंजीवर बसतो आणि सांगतो, जे बोलायचं ते यांच्याशी बोला, मध्ये मी नाही. चक्की येईल ती किल्लीसकट येईल. नाहीतर खोली रिकामी राहील.