पुढच्या डाव्या चाकाचे पाटे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून असायचो तेव्हाही नाही. तसा मी बोलका माणूस. अमरावतीत माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा — मोकळा आहे, पोटात काही ठेवत नाही, असंच सांगतील. मीही कधी त्यांना खोडून काढलं नाही. कशाला काढू?

तुम्हांला सांगतो. पण आधी ताई कोण, ते कळायला हवं.

ताई माझ्याहून मोठी, डॉक्टर. अकोल्यात तिचा बायकांचा दवाखाना होता. भाऊजी वकील. साठच्या आसपासचा काळ — हिवरखेडकडच्या खेड्यांतून अडलेल्या बाया बैलगाडीत घालून आणायचे, आणि काही जणी दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायच्याच नाहीत. ते पाहून पाहून ताईनं ठरवलं, त्यांनी यायचं नाही, आपण जायचं. तिनं एक जुनी विलायती गाडी घेतली आणि ड्रायव्हर न ठेवता स्वतः चालवायला शिकली. शिकवली मीच. बाई गाडी चालवते हे पाहायला अकोटच्या रस्त्यावर माणसं थांबायची. भाऊजींना ते पटत नव्हतं, पण ताईपुढे त्यांचं चालायचं नाही.

आणि ती चालवायची कशी म्हणता? उत्तम. आमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो, तिथेही तिनं कधी गाडी हातातून जाऊ दिली नाही. हे मी आज सांगतो आहे. जेव्हा सांगायला हवं होतं, तेव्हा नेमकं उलटं सांगितलं.

तिच्यासोबत शेवंता असायची, तिची नर्स. हिवरखेडचीच पोरगी. घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि बापानं तिला शिकायला बाहेर पाठवलं. बोलायला सरळ, थोडी फटकळ. तिचं आणि ताईचं फार जमायचं.

मी अमरावतीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. यंत्रांचं मला वेडच होतं — गाडी खोलायची, जोडायची, आणि चारचौघांत त्याबद्दल बोलायचं. बोलायचं जास्त, खरं तर. एका दिवाळीत अकोल्याला गेलो तर ताई म्हणाली, गाडी पुढून फार हापटते. मी खाली वाकून पाहिलं. चाकावर पोलादी पट्ट्यांची चवड असते, गाडीचा सगळा भार ती झेलते, तिला आमच्याकडे पाटे म्हणतात. डाव्या चाकाचे पाटे बसले होते, वरची पट्टी तडकली होती. भाऊजी म्हणाले, मिस्त्रीकडे द्या. मी म्हणालो, मिस्त्री कशाला? मी आहे ना.

जेवताना, सगळ्यांसमोर म्हणालो. ते शब्द मला आजही ऐकू येतात.

अंगणात लिंबाखाली गाडी जॅकवर घेतली, खाली सागाचे ओंडके लावले. चाक काढलं. गंजलेल्या नटांवर घासलेट ओतलं, पान्याला लोखंडी नळी जोडून लांब केला आणि सगळं अंग टाकलं तेव्हा कुठे नट हलले. जुने पाटे हातोड्यानं ठोकून बाहेर काढले. बसवायचे पाटे मी मधे अमरावतीला जाऊन तिथल्या जुन्या बाजारातून आणले होते, घासून, ग्रीस लावून. शेजारपाजारचे पाहायला जमले होते. काम छान चाललं होतं — खरंच छान. हात चालतात तेव्हा माणसाला जे सुख होतं ते मला होत होतं.

मग शेवटचा नट.

पाटे आणि चाकांचा आडवा आस यांना घट्ट धरून ठेवणारे वाकडे बोल्ट असतात, इंग्रजी यू अक्षरासारखे. ते सैल पडले तर आस जागचा सरकतो, आणि आस सरकला की गाडी कुणाचंच ऐकत नाही. त्यातला एक आवळताना माझ्या हाताला कळलं — नट फिरतोय, पण धरत नाही. आटे गेलेले.

तुम्ही कधी पाना हातात धरला असेल तर ते कळणं काय असतं तुम्हांला माहीत असेल. डोळ्यांना काही दिसत नाही. हाताला मात्र शंभर टक्के ठाऊक असतं.

नवा बोल्ट मिस्त्रीकडे मिळाला असता. पण मिस्त्रीकडे जायचं म्हणजे मागे जेवताना सगळ्यांसमोर बोललेलं गिळायचं. मी घरात जाऊन पत्र्याच्या डब्याची एक पातळ पट्टी कापून आणली, आट्यांवर गुंडाळली आणि त्यावर नट चढवला. तो बसला. बसल्यासारखा वाटला.

ताई हात पुसत दारात आली. "झालं का रे नीट? मले उद्या लांब जायचं हाये."

"बिनधास्त जाय," मी म्हणालो. "आता दहा वर्षं पाहाचं काम नाई."

अमरावतीला परत गेलो की नवा बोल्ट पाठवायचा, असं मी मनाशी म्हटलं होतं. पाठवला नाही. विसरलो का? नाही. पाठवला असता तर तिनं विचारलं असतं, हा कशाचा?

ताई त्या गाडीनं बरेच दिवस फिरली. मला वाटू लागलं, धरलं असेल. वाटायला काय लागतं?

मग तार आली.

हिवरखेडकडून परत येताना, दिवसाढवळ्या, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली आणि बाभळीवर आदळली. ताईच्या कपाळाला खोक पडली, बरगड्यांना मार बसला. शेवंताचा उजवा हात कोपरात मोडला. मी अकोल्याला उतरलो, पण आधी दवाखान्यात गेलो नाही. आधी गाडीकडे गेलो. बैल जुंपून ती रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. तिथे कुणी नव्हतं. मी खाली सरकलो. बोल्ट लोंबत होता, नट गायब, आणि आट्यांना माझी पत्र्याची पट्टी तशीच चिकटलेली, चमकणारी. आस चांगला वीतभर मागे सरकलेला.

तो बोल्ट मी ओढून काढला आणि नाल्यात फेकला. हे करताना मी घाबरलो होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. मी घाबरलेला नव्हतो. मी अगदी शांत होतो.

दवाखान्यात भाऊजी उभे होते, त्यांचे मोठे भाऊ होते, आणखी दोघेतिघे. बाईच्या हातात गाडी दिली की हेच होणार, असं बोलणं आधीच सुरू झालेलं. शेवंता खाटेवर पडलेली, हात फळीला बांधलेला, तरी ती उठून बसली.

"बाईची काही चूक नाई," ती म्हणाली. "सुकाणू आपल्या मतानं फिरलं. बाई त्याले धरून होत्या, म्या माह्या डोयानं पाह्यलं."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही गाडी पाहून आलात म्हणता. तुम्हांला त्यातलं कळतं. काय झालं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ताईसुद्धा, कपाळाला पट्टी बांधलेली. ती वाट पाहत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "गाडीत दोष नव्हता. आस सरकला तो झाडावर आदळल्यानं. वेग जास्त असेल, नाहीतर हात सुटला असेल क्षणभर."

शेवंता म्हणाली, "खोटं हाये हे." कुणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं. कुणीतरी कशाला — मीच सांगितलं. म्हटलं, "तुले यंत्रातलं काय समजते?"

 ताई स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

गाडी विकली. ताईनं पुन्हा कधी सुकाणू हातात घेतलं नाही. खेड्यांकडे जाणं थांबलं. ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर भाऊजी नको म्हणाले, आणि या वेळी ती भांडली नाही. बाया पुन्हा बैलगाडीतून येऊ लागल्या. किती आल्या, किती वाटेत राहिल्या, ते मी कधी विचारलं नाही. पुढे तिनं मोठी ऑपरेशनंही सोडली. आईनं काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, माह्या हाताचा मलेच भरवसा नाई राहिला. तेव्हा मी तिथेच बसलो होतो, पान खात.

शेवंताचा हात पुढे सरळ झालाच नाही. ती हिवरखेडला परत गेली. मला भेटली की नमस्कार करायची नाही. ते बरोबरच होतं.

मी ओव्हरसियरचा पुढे इंजिनिअर झालो. माझे पूल उभे आहेत, एकालाही तडा नाही. माणसं मला विश्वासानं सल्ला विचारतात, आणि मी विश्वासानं देतो.

ताई गेली त्याच्या आदल्या वर्षी मी अकोल्याला होतो. आम्ही दोघंच बसलो होतो. ती एकाएकी म्हणाली, "तुह्यावर मी एका गोष्टीसाठी नेहमी खूश राहिली. त्या दिवशी दुसरा कोणी भाऊ असता तर माहं मन राखाले खोटं बोलला असता. तू खरं सांगितलं."

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. मग तिनं चहा मागवला आणि आम्ही तो प्यायलो.