पत्र्याच्या डक्टमधले चार ठोके

मे महिन्यात फोन वाजला की माझं डोकं फिरतं. भंडाऱ्यात कूलरचे डक्ट करणारे आम्ही मोजके लोक, आणि वर्षभर झोपा काढणाऱ्या साऱ्या जिल्ह्याला डक्ट आठवतो तो मेमध्येच. त्यात शहापूरच्या तुलारामकाकांचा फोन दिवसातून तीनदा.

"हेमराज, आवाजाचं काम हाय बाबू. लवकर ये."

"उद्या येतो काका."

असे आठ दिवस मी उद्या-उद्या करत राहिलो. माझंही चुकलं, पण सगळं माझंच चुकलं असं नाही.

तुलारामकाका चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत तीस वर्षं जमिनीखाली ड्रिल चालवून निवृत्त झालेले. त्यात कान गेले ते गेलेच. मुलगा सचिन याने शहापूरला हायवेजवळ घर बांधलं, तेव्हा तिथला डक्ट मीच केला होता. गच्चीवर एक मोठा कूलर, त्यातून निघालेली पत्र्याची सरळ पेटी, वाटेत हॉलमध्ये एक जाळी आणि शेवटी म्हाताऱ्यांच्या खोलीत दुसरी. एकही वळण नाही. वळण नसलं की पत्रा कमी लागतो आणि काम झटपट होतं. या सरळ कामाचा मला अभिमानसुद्धा होता. पुढे सचिनने हॉलमध्ये होम थिएटर आणलं, पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक धमधम करणारा डबा. हॉलमध्ये बॉम्ब फुटला की तो माझ्या डक्टमधून थेट काकांच्या पलंगावर.

पण बहिऱ्या माणसाला आवाजाचा कसला आलाय त्रास? मला तर हा म्हातारपणचा हट्टच वाटला. "जाळीत काहीतरी मऊ भरा," असं ओरडून मी फोन ठेवला.

काकांनी गोधडी कोंबली. आवाज थोडा अडला, पण हवा पूर्ण अडली आणि खोलीची भट्टी झाली. मग त्यांनी दुसरी अक्कल लढवली. राइस मिलमधून धानाचा भुसा आणला, पोत्यात भरला आणि गच्चीवरचं झाकण उघडून पोतं डक्टमध्ये सोडलं. दुपारी सुनेने कूलर लावला. पोतं फाटलं आणि सगळ्या घरात भुशाचा पाऊस.

आता सचिनचा फोन. "भाऊ, काय सांगितलं तुमी बाबाले? आईले खोकला लागला हाय!"

शेवटी शुक्रवारी मी चडफडत गेलो. काका दारातच उभे, केसांत भुसा.

"बर्फ भुशात टिकते, तर आवाज काहून नाही अडनार?" ते मलाच विचारू लागले.

खोलीत शिरून मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलंगावरून पुष्पाकाकू काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, पण मला दोन हातांवरून नीट ऐकू आलं नाही. काकांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

मग काकांनी सांगितलं. काकूंच्या गळ्यात गाठ होती. सोमवारी नागपूरला ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कायमचा जाणार. काकूंना लिहिता येत नाही, काकांना धड ऐकू येत नाही. म्हणून दोघांनी खाणीतली रीत धरली होती. खाणीत माणसं नेणारा पिंजरा वरखाली करायला घंटीचे ठोके असतात, अमुक ठोके म्हणजे अमुक काम. तसे पलंगाच्या लोखंडी पाइपवर काकू वाटीने ठोके देणार आणि काका हात ठेवून ओळखणार. कोणता ठोका कशाचा, हे आवाज आहे तोवर ठरवायचं होतं. कूलर बंद करून, उकाडा सोसून दोघं रोज दुपारी बसायचे आणि डक्टमधून ती धमधम यायची. काकूंचं बोलणंही बुडायचं आणि पाइप धमधमीनेच थरथरायचा.

"तर हे फोनवर सांगायचं ना!" मी ओरडलो. राग त्यांच्यावर नव्हता. आठ दिवस मी वाया घालवले होते.

शनिवारी सामान घेऊन गेलो. डक्टला दोन वळणं द्यायची, आतून जाड फोम लावायचा आणि पत्र्याची थरथर पुढे जाऊ नये म्हणून मध्ये कापडी जोड टाकायचा, असं ठरवलं. हॉलमध्ये सचिन सिनेमा लावून बसलेला. माझं टाळकं सटकलं. मी सरळ प्लग उपटला.

"लाज नाही वाटत? आई तिकडं..."

"लावा तो परत," सचिन म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "बंद केला की आईचा आवाज येते जाळीतून. मले नाही ऐकवत, भाऊ."

डक्ट दोन्हीकडून बोलतो, हे तो करणाऱ्या माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. जाळीतून वाटीचा ठोका आला आणि पाठोपाठ काकूंचा घासलेला, काकांना ऐकू जावा म्हणून जोर लावून काढलेला आवाज.

"ध्यान देऊन राहिले का जी? एक म्हंजे थांबा. दोन म्हंजे पानी. तीन म्हंजे दुखून राहिलं." मग चार ठोके. "चार म्हंजे सचिनले हाक मारा. मले मारता येनार नाही ना आता."

सचिन खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी कात्री घेऊन गच्चीवर गेलो, कारण तिथे उभं राहणं मलाही जमेना.

संध्याकाळपर्यंत काम संपवलं. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं. सचिन त्या प्लगला परत शिवला नाही, तरी मी हट्टाने होम थिएटर पूर्ण आवाजात लावून बघितलं. खोलीत चिडीचूप. रविवारचा अख्खा दिवस त्या दोघांना मिळाला.

महिन्याभराने सचिनचा फोन.

"भाऊ, डक्ट पयल्यासारखा करून द्या. फोम काढा, सरळ पत्रा लावा."

मी भडकलो. "थट्टा आहे का? माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते!"

"बाबा सकाळी फिरायले जाते. तेव्हा आई ठोकते, अन् हॉलात मले काहीच ऐकू येत नाही."

होम थिएटर त्याने खोक्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं. मी बडबडत गच्चीवर चढलो, वळणं काढली, फोम ओरबाडला, जुना सरळ पत्रा परत बसवला. शेवटचा स्क्रू पिळत होतो, तोच पत्र्यातून ठोके आले. एक, दोन, तीन, चार. काका घरात नव्हते, म्हणून मी जिन्याकडे वळून सचिनला हाक मारणार होतो, तेवढ्यात खाली हॉलमधली खुर्ची सरकली.