आईच्या मरणानंतरची पानं

फोन हॉस्पिटलमधून मावशींनीच, वैशालीच्या आईनेच, केला. "वैशाली गेली गं," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत, "रिक्षा नाही मिळाली तर बसनं ये. धावपळ नको करू." साधा ताप म्हणून अंगावर काढलेला डेंग्यू, मग आठवडाभर हॉस्पिटल, आणि संपलं... चाळिशीही गाठली नव्हती तिने. एकुलत्या एका मुलीच्या मरणाची बातमी आईने द्यावी, यापेक्षा वाईट काही नसतं. वैशालीची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे आणखी बोचेल, कारण कादंबरीत तिने आईला आधी मारलं होतं.

आम्ही दोघी मरोळच्या एकाच चाळीत वाढलो. तिच्या घरचे जालन्याकडचे, आम्ही मालवणचे. मावशी औद्योगिक वसाहतीत शर्टांना बटणं लावायच्या, वैशालीचे वडील लवकर गेले होते. वैशाली साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये बिलं टाइप करायला लागली आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच कॉम्प्युटरवर ब्लॉग लिहायला लागली. नाव ठेवलं 'पाणी आलं', कारण आमच्या चाळीत ही आरोळी झाली की भांडणंसुद्धा अर्धवट टाकून लोक बादल्या घेऊन धावायचे. मी म्हटलं, "हे काय नाव आहे यार? कोण वाचणार?" पण लोकांनी वाचलं. खरं तर लोक मावशींनाच वाचायचे. त्या नळावर कोणाला काय म्हणाल्या, सुपरवायझरला कसं सुनावलं, हे वाचायला माणसं टपून बसलेली असायची. सांताक्रूझहून एक बाई तर त्यांच्या हातचा ठेचा न्यायला स्वतःची बरणी घेऊन आली. मावशी दर रविवारी नवं लिखाण वैशालीकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "मी असं बोललेच नाही. पण ऱ्हाऊ दे, बरं वाटतंय." ते माझ्या ओळखीतलं सगळ्यात आनंदी घर होतं.

मग एका प्रकाशकाने कादंबरी मागितली. चाळ पाडून इमारत झाली, आम्ही सातव्या-आठव्या मजल्यांवर गेलो, वर्कशॉप बंद झालं, नवी नोकरी लागली, तरी हिचं लिहिणं चालूच. कच्चा खर्डा तिने आधी मला दिला. अर्ध्यावर आलं तर आईच गेलेली! मी तिला फोन करून झापलं, "मारलंस कशाला गं तिला?" तर म्हणाली, "काय करू? ती जिवंत असली की दर पानावर येऊन बोलते. मुलीला तोंडच उघडू देत नाही." मी हसले, कारण खरंच होतं ते. तिचं तिलाही हसू आलं.

पुस्तक आलं, नावाजलं गेलं. अंधेरीच्या एका हॉलमध्ये वाचकांशी गप्पा ठेवल्या होत्या. मावशी नवी साडी नेसून, लेकीचा पुष्पगुच्छ सांभाळत तिच्या शेजारी उभ्या. सुरुवातीची प्रकरणं त्यांनी ऐकली होती आणि खूश होत्या. तेवढ्यात एक सज्जन गृहस्थ आले, डोळ्यांत पाणी आणून वैशालीला म्हणाले, "तुमच्या आई फार लवकर गेल्या हो. फार वाईट वाटलं." वैशालीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मीच ती." बिचारे गृहस्थ दहा वेळा माफी मागत निघून गेले.

मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. घरी येऊन त्यांनी ओळीखाली बोट धरून ते पान शोधलं, वाचलं आणि पुस्तक मिटलं. "मारून टाकलं व्हय मला? इचारायचं तरी." नंतर ब्लॉगवरही आपलं नाव काढू दिलं नाही. "मेलेल्या माणसाचं काय लिहायचं?" एवढंच म्हणायच्या. बाकी डबा द्यायच्या, डोक्याला तेल लावायच्या, सगळं करायच्या. वैशाली विनवायची, "आई, पुढे वाच ना गं, एकदाच," की त्या उठून ओट्याशी जायच्या. ब्लॉग आटला तो असा. दुसरी कादंबरी कधी, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "आधी पहिली घरात वाचून होऊ दे." लोकांना तो विनोद वाटायचा. मला तिचा जीव तुटताना दिसत होता आणि दोघींचा सारखाच राग यायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वैशालीला आदरांजली वाहायला आलेल्यांनी घर भरून गेलं होतं. कोणी ओळखीचं, कोणी नुसतं ब्लॉग वाचणारं. भाषणंही झाली. शेवटची चटई गुंडाळून मी निघणार, तर मावशी पुस्तक हातात घेऊन बसलेल्या.

"मी मेल्यावर पुढं काय होतं गं ह्याच्यात?"

मी चटई खाली ठेवली. "मुलगी जगते, मावशी."

"किती?"

"खूप. म्हातारी होते. गुडघे दुखतात तिचे, नातवंडांवर खेकसते... तुमच्यासारखी."

मावशींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तिथून वाच."

आता दर रविवारी मी जाते. पानभर झालं की त्या म्हणतात, "बास. घाई नको." कधीकधी पानही पुरं होऊ देत नाहीत. आधी वाटायचं, थकत असतील. गेल्या रविवारी पुस्तकातली मुलगी आरशासमोर उभी राहून पहिला पांढरा केस उपटते, तिथवर आलो. मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी पुस्तक मिटायला लागले.

"मिटू नको," त्या म्हणाल्या. "केसाचं परत वाच."

मी परत वाचलं.